पोटाची वेळ

केशोरी
ता. ८ डिसेंबर २०२४

चि. देवका हिस,
गोवर्धनभाऊचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पाहून तू म्हणशील, भावाले हे काय सुचलं. तुझ्या घरी मोबाईल, माझ्या घरी मोबाईल. पण तो कानाला लावला की मले नुसती माशी घोंगावल्यासारखी वाटते. मग नूतन तुझं बोलणं ऐकते आणि माझ्या कानाशी ओरडून सांगते. भाऊ-बहिणीच्या बोलण्यात सुनेनं मधात उभं राहावं आणि साऱ्या आळीनं ऐकावं, हे मले जमत नाही. हात शाबूत आहेत, सातवी पास आहे, म्हणून लिहून राहिलो.

धानकापणीत शेताच्या धुऱ्यावरून पाय सरकला आणि खुबा मोडला, ते तुले माहीतच आहे. नागपूरला सळई टाकली. डॉक्टरनं सांगून ठेवलं की उकिडवं बसायचं नाही, पाय दुमडायचा नाही, वॉकर धरल्याशिवाय उभं व्हायचं नाही. आपला संडास परसात, पायऱ्या उतरून, आणि तोही उकिडवं बसायचा. म्हणजे मी या खोलीतच. खाली खाट, वर छपराचे कवेलू, आणि खिडकीतून दिसते तेवढी शेजारच्या मंदाबाईची भिंत. त्या भिंतीवर ऊन चढलं की सकाळ, उतरलं की संध्याकाळ. जो माणूस दिवसभर धानाच्या बांधीत राहायचा, त्याले आता कूस बदलायला माणूस लागते.

पायाचं दुखणं मी सोसून घेतो. दुसरं दुखणं सांगायची लाज वाटते, पण तुले नाही तर कोणाले सांगू. पोट साफ होत नाही. दुखण्याच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हापासून बंदच पडलं आहे म्हण. पोटात गोटा ठेवल्यासारखं वाटते. जोर लावावा तर खुब्यात कळ जाते. ताट समोर आलं की भीती वाटते, आतमध्ये जागा कुठं आहे? पोरगा देवेंद्र रायपूरच्या कारखान्यात, महिन्यातून एकदा घरी. घरात नूतन एकटी. तुझी वहिनी रुख्मा असती तर तिच्याजवळ बोललो असतो. सुनेजवळ हे कसं बोलावं?

तुझ्या घरच्या बाळंतिणीची खबर दे. माया कमी करू नको.

तुझा,
गोवर्धन


सडक अर्जुनी
ता. १४ डिसेंबर २०२४

ती. गोवर्धनभाऊस,
देवकाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग रडू. लहानपणी मी पाटीवर लिहिलेलं तू थुंकीनं पुसायचा आणि म्हणायचा की पोरींना लिहून काय करायचं. आता तुलेच बहिणीला लिहायची पाळी आली.

माझी सून खुशी बाळंत होऊन अजून सव्वा महिना व्हायचा आहे. तिचं आंग चोळणं, बाळाचं न्हाऊ-माखू माझ्याच गळ्यात आहे, म्हणून पाय निघत नाही. पोराचं, भोजराजचं वेल्डिंगचं दुकान हायवेवर, तो रात्रंदिवस ट्रकवाल्यांत अडकलेला. नाहीतर त्याच्या गाडीवर बसून कधीच आली असती.

तुझ्या पोटाचं ऐकून मले काही नवल नाही वाटलं. तुले जन्मभर पांढरा शुभ्र भात पाहिजे, वरून वरणाचं पाणी, आणि भाजी म्हटली की तू ताटाच्या कडेला लोटणार. तेव्हा दिवसभर चिखलात राबत होता म्हणून पचलं. आता पडून राहिला, तर आतडंही पडून राहिलं. खुशीलाही हाच त्रास होता. आशाताईनं तिले समजावलं की खाण्यात चोथा पाहिजे. भाजीपाल्याचा, सालीचा, कडधान्याचा. हा चोथा पचत नाही, पण पाणी धरून ठेवते, त्यानं मळ नरम राहते आणि पुढं सरकते. तिचं तर सुरळीत झालं.

भोजराजच्या हाती जवसाची चटणी, हरभरे, पेरू आणि इसबगोलाचा डबा पाठवून राहिली. नूतनला सांग, हातसडीचा तांदूळ शिजव, पोपटाच्या वालशेंगा सालीसकट टाक, मेथी, पालक रोज कर. थोडं थोडं वाढवत जा आणि वरून पाणी भरपूर पे. पाण्याचं विसरू नको.

नूतनचा शिवणक्लास कसा चालला ते लिहिलं नाहीस. पोरगी फोनवर हल्ली फार बोलत नाही.

तुझी माया मागते, दुसरं काही नको.

तुझीच,
देवका


केशोरी
ता. २३ डिसेंबर २०२४

चि. देवका हिस आशीर्वाद. वि. वि.

तुझं औषध माझ्यावर उलटलं. रागावून नाही लिहीत, पण जे झालं ते सांगतो.

भोजराज सामान देऊन गेला आणि मी म्हटलं, आता हयगय नाही. थोडं थोडं करायला माझ्याजवळ धीर कुठं आहे? सकाळी चण्याची उसळ, दुपारी पोपटाच्या शेंगा, रात्री पालक, झोपताना इसबगोल, मधल्या वेळेत दोन-दोन पेरू. नूतन आनंदली की मामाजी जेवून राहिले. पोट मात्र नगाऱ्यासारखं फुगलं. वारा सरेना, ढेकर येईना. नंतर तर भलतंच झालं. पातळ झिरपायला लागलं, मले समजायच्या आत. धोतर खराब, चादर खराब. नूतननं सारं बदललं, आणि मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिलो. आता खाणंच बंद केलं. तोंडात काही टाकलं तरच खालून येईल ना?

तू पाण्याचं लिहिलं होतं. ते मी नाही केलं. खरं सांगतो, कोणाजवळ बोलू नको. पाणी पेलं की भांडं लागते, भांडं लागलं की नूतन लागते. तिनं भांडं धरायचं, माझं धोतर सारायचं, मग ते बाहेर नेऊन धुवायचं. ज्या पोरीनं लग्न होऊन आल्यावर कित्येक वर्षं माझ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, तिच्या हातून हे मी कसं करून घेऊ? म्हणून गोळ्यांपुरते दोन घोट घेतो. ती गिलास भरून ठेवून जाते, मी खिडकीतून ओतून देतो. जीभ टाळूला चिकटते, पण तिले तेवढाच आराम.

या खोलीत आता मले श्वास पुरत नाही. दार उघडं असते, पण मी आतच.

माया असू दे, औषध पाठवू नको.

गोवर्धन


केशोरी
ता. २ जानेवारी २०२५

सौ. आत्याबाईंना,
नूतनचा वाकून नमस्कार. वि. वि.

परवा फोनवर मी तुम्हाला एवढंच सांगितलं की मामाजींना दवाखान्यातून घरी आणलं, काळजी करू नका. समोर मंदाबाई आणि आणखी चार बाया बसल्या होत्या. पुढं बोलले असते तर रडले असते, म्हणून ठेवला. तुम्ही मामाजींच्या पत्राबद्दल सांगितलंत ते बरं केलंत, पण ते पत्र तुम्हाला मिळालं त्याच्या आदल्या दिवशीच आम्ही दवाखान्यात पोचलो होतो.

झालं असं की ते खाईनात. मला वाटलं जुलाब लागले म्हणून खात नसतील, मीही आग्रह केला नाही. मग एका सकाळी ते मला रुख्मा म्हणून हाक मारायला लागले. ओठ फुटलेले, लघवी नाही, पोट टणक. मी घाबरले. मंदाबाईच्या घनश्यामनं गाडी आणली आणि आम्ही त्यांना तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन समजावलं. हे जुलाब नव्हतेच, आत्या. आत कडक गोळा अडकून बसला होता आणि त्याच्या कडेनं पातळ झिरपत होतं. त्यात एकदम इतका चोथा पोटात गेला आणि पाणी नाही. त्या म्हणाल्या, चोथा चांगलाच आहे, यांना तो लागणारच आहे, पण त्याला पाणी मिळालं नाही तर तो आत कोरड्या पेंढ्यासारखा दाटून बसतो. एनिमा दिला, सलाईन लावलं. दोन दिवस फार त्रास झाला त्यांना. पोट मोकळं झालं तेव्हा ते लहान लेकरासारखे झोपले.

जागे झाल्यावर मॅडमनी विचारलं की पाणी किती पिता. त्यांना ऐकू आलं नाही. मला कानाशी ओरडून विचारावं लागलं. वॉर्डात सगळीकडं पेशंट, त्यांची माणसं, सगळे आमच्याकडं पाहू लागले. मामाजींनी मान खाली घातली आणि हळूच सांगितलं की पीत नव्हतो, सुनेला त्रास नको म्हणून.

आत्या, मला तेव्हा काय झालं माहीत नाही. मी कधी त्यांच्यासमोर आवाज चढवला नाही. पण तिथं ओरडल्याशिवाय त्यांना ऐकूच येणार नव्हतं. मी म्हटलं, "मामाजी, तुम्ही मला आराम नाही दिला. तुम्ही मला कोंडून ठेवलं."

खरंच आहे ते. कधी काय होईल याचा भरवसा नाही, म्हणून मी दुकानातसुद्धा धावत जाऊन धावत येते. क्लास सोडला, तुम्हाला सांगितलं नाही. तिरोड्याला माझ्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मी गेले नाही. दिवसभर कान त्यांच्या खोलीकडं. ते आवाज देत नाहीत, म्हणून जास्तच. भांडं धुण्याचं मला काही वाटत नाही, धुतलं की झालं. पण न बोलावणाऱ्या माणसाची वाट पाहत बसणं फार जड आहे. हेही मी तिथंच बोलले, सगळ्यांसमोर.

मग बाजूच्या पेशंटच्या बाईनं पाण्याचा गिलास पुढं केला, तो मामाजींनी घेतला, अर्धा प्यायले आणि ठेवून दिला. घरी आल्यापासूनही अर्धाच पितात. मी चुकले का, आत्या? मोठ्या माणसाला चारचौघांत असं बोलायला नको होतं का?

तुमचा हात डोक्यावर राहू द्या.

तुमची,
नूतन


सडक अर्जुनी
ता. ८ जानेवारी २०२५

ती. भाऊस देवकाचा नमस्कार. वि. वि.

नूतनचं पत्र आलं. तिनं विचारलं की ती चुकली का. तिले मी वेगळं लिहून राहिली की नाही चुकली, आणि तुले हे लिहून राहिली.

माय शेवटची पडली होती तेव्हा आठ महिने तिचं सारं कोणी केलं? मी सासरी होती, वहिनीला दिवस गेले होते. तूच केलं. मायचं लुगडं तू नाल्यावर धुवायचा, गावातले लोक हसायचे, तू फिरून पाहायचा नाही. मी आली की माय म्हणायची, गोवर्धन आहे म्हणून मी पोटभर पाणी पेते. जे तू मायसाठी केलं त्यात तुले लाज नव्हती, मग स्वतःसाठी करून घेताना काऊन आहे? करणं सोपं वाटते तुले, घेणं जमत नाही. हा गर्व आहे भाऊ, लाज नाही.

मीही सांगताना घाई केली. थोडं थोडं वाढव असं लिहिलं, पण तुझ्या स्वभावाले ते अधोरेखित करून लिहायला पाहिजे होतं.

भोजराजनं दुकानात एक लोखंडी खुर्ची केली आहे. मधात गोल मोकळं, खाली भांडं सरकते, दोन्ही बाजूंनी धरायला दांडे. उंची तुझ्या गुडघ्याच्या हिशोबानं ठेवली, म्हणजे पाय दुमडायचं काम नाही. रविवारी तो घेऊन येईल. दांडे चांगले घासले आहेत, हाताला टोचणार नाहीत. ती खाटेजवळ ठेव आणि सकाळचा चहा घेतला की तिच्यावर बस, लागो की न लागो. डॉक्टरनं नूतनला तसंच सांगितलं आहे. पोटात काही पडलं की आतडं जागं होते, तीच वेळ धरायची.

आणि पाणी पे. माझी शपथ नाही घालत, तू ऐकणारा नाहीस.

रागावली तरी तुझीच बहीण आहे, विसरू नको.

देवका


केशोरी
ता. ९ फेब्रुवारी २०२५

चि. देवका हिस भाऊचे आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्रानंतर मी मुद्दाम उशिरानं लिहून राहिलो. लिहायजोगं काही झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

पहिले काही दिवस खुर्ची नुसती माझ्याकडं पाहत राहिली, मी तिच्याकडं. नूतननं जेवण बदललं, पण सांभाळून. आधी नुसती एक भाजी वाढवली, पोटानं ती मानली तेव्हा दुसरी. इसबगोल अर्धा चमचा, मोठ्या गिलासात. वारा अजून होतो, पण पहिल्यासारखं फुगत नाही. पाणी मी पेऊ लागलो. सुरुवातीले औषधासारखं डोळे मिटून, आता तहान लागते म्हणून. तुझा शब्द जिव्हारी लागला होता, मायचं ते तू काढायला नको होतं. पण काढलं ते बरं झालं.

आता चहा झाला की पोट बोलावते. रोज नाही, पण बहुतेक. मले वाटलं होतं फायदा माझ्या पोटाचा होईल. तो नूतनचा झाला. माझी वेळ ठरली, तशी तिची सुटली. सकाळचं आटोपलं की तिले माहीत असते की आता दुपारपर्यंत मोकळी आहे. क्लास पुन्हा सुरू केला. परवा मंदाबाईचं झंपर शिवलं, बाही एक आखूड झाली, दोघी पोट धरून हसल्या. मले ऐकू नाही आलं, दिसलं.

मी बरा झालो असं समजू नको. अजून खाट आणि ही खोली, फार तर वॉकरनं दारापर्यंत. उन्हाळी धान दुसऱ्याच्या हातानं लागलं, मी पाहिलंही नाही. पायात बळ कधी येईल ते डॉक्टरही सांगत नाही. काही दिवस भिंत फारच जवळ येते. तेव्हा मी नूतनला हाक मारतो, काही काम नसताना. ती येते, बसते, निवडायची भाजी घेऊन.

मागच्या आठवड्यात तिनं कानाशी येऊन विचारलं की तिरोड्याला आईकडं चार दिवस जाऊ का. देवेंद्रनं सुटी काढली होती, तो राहणार होता. मी लगेच हो म्हणालो. ती निघताना पाण्याचा गिलास भरून खाटेजवळ ठेवायला आली. ती उभी असतानाच मी तो पूर्ण पेलो आणि रिकामा तिच्या हातात दिला. तिनं तो पुन्हा भरून ठेवला आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला. पोटानं वेळ पाळली. देवेंद्र दारात उभा, हातात मोबाईल, माझ्याकडं पाहायचं टाळून राहिला होता. त्यानं हे कधी केलं नव्हतं. मले वाटलं, थांबावं, दाबून धरावं, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. सुनेजवळ जी लाज आता सुटली होती, ती पोटच्या पोराजवळ पुन्हा वाटली. आणि तोही घाबरला होता, मी पाहिलं.

मी त्याले हाक मारली. म्हटलं, "देवेंद्र, ये. खुर्ची सरकव आणि मले काखेत धर."

तो आला. मोबाईल खिशात ठेवला आणि त्यानं धरलं.

बाळाचा पापा घे माझ्यातर्फे. आणि येशील तेव्हा पेरू आण, आता पचतात.

तुझा भाऊ,
गोवर्धन