झाकण लावून एक दिवस खरा रणगाडा मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
पथक प्रशिक्षण शाखा,
चिलखती वाहन तळ.

अर्जदार : ज्येष्ठ चालन-प्रशिक्षक (तळावर ‘वस्ताद’ या नावाने परिचित).

विषय : येत्या सोमवारी आघाडीवरच्या तुकडीकडे रवाना होणाऱ्या तीन जणांच्या पथकास, रवानगीपूर्वी एक दिवस, झाकण बंद करून खरा रणगाडा चालवू देण्याबाबत.

संदर्भ : ‘शासकीय लोखंडी कपाटाचा अनधिकृत वापर’ या विषयावर मला बजावलेली आपली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

‘बोल रे लेकरा, बोल. गप्प बसलास तर तू जिवंत आहेस हे मला कसं कळायचं?’

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी गाडीच्या पोटात, पुढच्या खोबणीत, झाकण लावून बसलो होतो. समोर पत्रपेटीच्या फटीएवढा उजेड. मागे वर, बुरुजात, माझे वस्ताद. ते मला दिसत नव्हते, मी त्यांना दिसत नव्हतो. दोघांत फक्त हेडफोनची वायर. ते दिसेल ते सांगायचे आणि मी ऐकेन ते करायचो. कधी चालीवर म्हणायचे :

वर बसला डोळा, खाली बसला हात,
बोलाचाच दोर बांधावा दोघांत.

अर्जात अशा ओळी लिहिण्याचा प्रघात नाही, हे मी जाणतो. मागील अर्जावर आपण ‘भावनिक स्वरूपाचे’ असा शेरा मारून तो परत केला होता. हाही त्याच स्वरूपाचा समजावा, मात्र शेवटपर्यंत वाचावा ही विनंती. मागचा आपण पहिल्या पानापुढे वाचलेला नसावा, कारण दुसरे पान तिसऱ्याला चिकटलेले होते ते तसेच परत आले.

१. आपल्या दूरदृष्टीने तळावर सुटकेसमध्ये मावणारे सिम्युलेटर आले. एका सुटकेसमध्ये तीन लॅपटॉप, तीन हेडफोन, एक सुकाणू, एक तोफेची मूठ. कुठेही न्या, कुठेही उघडा. उद्घाटनाच्या वेळी आपण स्वतः सुकाणू हाती घेऊन पडद्यावरचा रणगाडा एका तळ्यात घातला, आणि उपस्थितांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तळे खोल होते, आपण कोरडे बाहेर आलात, यंत्राचा हा गुण मी त्याच दिवशी मान्य केला.

२. यंत्राला नावे ठेवण्यासाठी हा अर्ज नाही. धुके, धूर, अडलेली तोफ, तुटलेली साखळी हे सारे ते पुन्हा पुन्हा दाखवते, कंटाळत नाही, ओरडत नाही. माझी बायको तर म्हणाली, ‘‘तुमच्यापेक्षा ती पेटी बरी. पोरांवर खेकसत तरी नाही.’’ तिचे म्हणणे खोटे नाही. दोष पेटीचा नसून टेबलाचा आहे. ते टेबल आपण निवडले.

३. हे तीन लॅपटॉप कुठे ठेवावेत हा प्रश्न आला तेव्हा मी तीन वेगळ्या खोल्या मागितल्या होत्या. ‘‘वस्ताद, सुटसुटीत वस्तूला अडगळीत कशाला टाकता?’’ असे म्हणून आपण विश्रांतीगृहातले चहाचे लांब टेबल दिलेत. त्यावर तीन लॅपटॉप शेजारी शेजारी बसले. डावीकडे चालक, मधे गाडीप्रमुख, उजवीकडे तोफची. बिस्किटांचा डबा मधोमध. खऱ्या गाडीत ज्या माणसांना एकमेकांची सावलीही दिसत नाही, ती इथे एकमेकांच्या कोपराला कोपर लावून लढू लागली. लग्नाच्या पंगतीतही याहून जास्त अंतर असते.

४. सदर पथकाची ओळख करून देतो, कारण आपण त्यांना फक्त गुणांवरून ओळखता. गाडीप्रमुख वयाने मोठा, शांत; सगळे त्याला दादा म्हणतात. तोफची सतत काहीतरी कुरतडत असतो म्हणून त्याचे नाव खारूताई. आणि चालक, तो घुम्या. दगडाला पान्हा फुटेल पण याच्या तोंडून शब्द फुटणार नाही. खारूताई सांगतो की अंघोळीला गेला की गातो आणि बरा गातो. आम्हा कोणाच्या वाट्याला ते गाणे आलेले नाही.

हा घुम्या आपल्या नोंदीप्रमाणे तळावरचा सर्वोत्तम चालक आहे. खऱ्या रणगाड्याशी त्याचा संबंध एवढाच, की त्याने तो अनेकदा धुतला आहे आणि शेडपासून धुण्याच्या ओट्यापर्यंत, झाकण उघडे ठेवून, डोके बाहेर काढून, हळूहळू आणला आहे. गाडी बंद केली की तिचे अंग बराच वेळ टिकटिकत राहते, जसे रडून दमलेले मूल झोपेत हुंदके देते. ते ऐकायला तो कापड हातात धरून उभा राहतो. त्याचे तिच्यावर प्रेम आहे. प्रेमाने गाडी चालत नाही.

५. या पथकाला आपण ‘शांत पथक’ असा गौरव दिलात. यंत्र ‘संभाषण-शिस्त’ नावाच्या रकान्यात गुण देते : इंटरकॉमवर जितके कमी बोलाल तितके गुण जास्त. हे पथक एक अक्षरही बोलत नसे. आपण भर सभेत म्हणालात, ‘‘पाहा, यांना एकमेकांचे मन कळते.’’ मी मागच्या रांगेत होतो. मला वाटले, मन कळत असेल बुवा. आमच्या काळी आम्हाला मन नव्हते, फक्त घसा होता.

६. मन कसे कळते ते एका जळक्या प्लगमुळे उघड झाले. टेबलाजवळचा विजेचा प्लग जळाला. चालकाच्या लॅपटॉपची वायर पुरेना, म्हणून घुम्याला समोरच्या भिंतीशी, इतर दोघांकडे पाठ करून बसवले. धडा तोच होता, ओढ्यावरचा अरुंद पूल, जो त्याने डोळे मिटून पार करावा इतका सराव झाला होता. मी चहाचा कप घेऊन मागे उभा होतो.

पूल आला. चालकाच्या पडद्यावर फट आणि फटीत धूळ, बाकी काही नाही. खऱ्या गाडीतही एवढेच दिसते. दादाच्या पडद्यावर मात्र वरून सारे लख्ख : पूल, कठडा, उजवी साखळी कडेशी. दादाने काय करावे? त्याने डावा हात उचलला आणि डावीकडे हलवला. तोंडाने काही नाही. पुन्हा हलवला. मग दोन्ही हात हलवले. खारूताईनेही बिस्कीट धरलेला हात हलवला. घुम्याच्या पाठीला डोळे नव्हते. गाडी ओढ्यात गेली.

पडद्यावर उमटले : ‘पथक ठार. संभाषण-शिस्त : उत्तम.’

महोदय, हे वाक्य मी कागदावर उतरवून आपल्याकडे पाठवले. आपण त्यावर ‘प्लग दुरुस्त करावा’ असा आदेश दिलात. प्लग त्याच दिवशी दुरुस्त झाला. आपल्या शाखेच्या कार्यक्षमतेबद्दल माझी तक्रार नाही.

७. त्यानंतर मी तिघांना नीट पाहिले आणि मला माझीच लाज वाटली, की हे इतके दिवस दिसले कसे नाही. घुम्या आपल्या पडद्याकडे बघतच नसे. त्याची मान पुढे, पण डोळे तिरपे, दादाच्या पडद्यावर. दादाला बोलायची गरज पडत नसे, कारण चालकाला सारे दिसत होते. हात हलवायची सवय कधी लागली हे दादालाही ठाऊक नव्हते. म्हणाला, ‘‘वस्ताद, मी हात हलवतो? कधी?’’ आणि विचारतानाच हात हलवला.

तिघेही खोटारडे नाहीत. टेबल जसे मांडले तसे ते बसले, बसले तसे शिकले. आपण तीन पोरांना चोरून बघायला शिकवले आणि त्या चोरून बघण्याला पदक दिले.

८. आता कपाटाविषयी, कारण आपल्या नोटिशीचा जीव त्यात अडकला आहे.

खोल्या मिळेनात, गाडी मिळेना. भांडारात एक जुने लोखंडी कपाट होते. त्याचे कप्पे काढले, आत स्टूल ठेवले, स्टुलावर घुम्याला, मांडीवर लॅपटॉप आणि सुकाणू. वायरीपुरती फट ठेवून दार लोटले. भांडारपाल ओरडला, ‘‘वस्ताद, कपाटात माणूस ठेवायचा नियम नाही!’’ मी म्हटले, गाडीत ठेवायचा आहे, तो नियम पाळायला मला गाडी द्या.

पहिल्या दिवशी दादा आणि खारूताई दोघे एकदम बोलले आणि गाडी घरात घुसली. दुसऱ्या दिवशी दादा एकटा बोलला, पण उजवे-डावे चुकला. हळूहळू दादाचा घसा मोकळा होऊ लागला. घुम्या मात्र आतून अवाक्षर काढीना. ‘‘काय दिसतंय?’’ गप्प. ‘‘ऐकू येतंय का?’’ गप्प. दार उघडून मी विचारले, ‘‘दिसत नव्हतं तर बोलला का नाहीस, शहाण्या? तोंडाला काय टाके घातलेत?’’ तो बुटाच्या नाडीकडे बघत राहिला. मी त्याला भित्रा म्हणालो. ठोंब्याही म्हणालो.

त्याच सुमारास आपण फेरीवर आलात, काही जुनी फाईल शोधण्यासाठी सदर कपाट उघडलेत, आणि आत बसलेल्या चालकाने बसल्या जागी आपणास सलाम केला. आपण दचकलात याबद्दल मी दिलगीर आहे. सलाम नियमानुसार होता. आपण दार पुन्हा लावून घेतलेत आणि दुसऱ्या दिवशी नोटीस आली. त्या नोटिशीत कपाटाचा क्रमांक आहे, रंग आहे, बिजागरीला पडलेला पोचा आहे. आत माणूस होता याचा उल्लेख नाही.

९. आपण मला बोलावून समजावलेत, त्याचा मी ऋणी आहे. आपण म्हणालात, खऱ्या गाडीला इंधन लागते, साखळ्या झिजतात, जमिनीची धूप होते. आपण म्हणालात, ‘‘वस्ताद, जमाना बदलला.’’ आपल्या खुर्चीवरच्या दोन उशा पाहून मलाही ते पटले. परंतु ओढा बदललेला नाही. तो अजून खालीच वाहतो आणि त्याच्यात पडणारी गाडी अजून उलटीच पडते. आणि त्यात जी तीन माणसे असतील ती पुन्हा ‘सुरू करा’ हे बटण दाबून उठणार नाहीत.

आपण असेही सुचवलेत, की माझी सही अडत असेल तर चालकाच्या सक्षमतेच्या दाखल्यावर उपप्रशिक्षकाची चालेल. उपप्रशिक्षक चांगला माणूस आहे, त्याचे अक्षर सुंदर आहे. तो त्या पथकासोबत एकदाही बसलेला नाही. म्हणूनच त्याचा हात कापणार नाही, हे आपण अचूक ओळखलेत.

१०. तरी माझ्या मागण्या मोजक्या आहेत :

(अ) रवानगीपूर्वी सदर पथकास एक दिवस खरा रणगाडा द्यावा. मागच्या माळावर, झाकण बंद, ओढ्यावरच्या पुलासह. मी पुलाशी लाल झेंडा घेऊन उभा राहीन.

(आ) तो दिवस होईपर्यंत चालकाच्या सक्षमतेच्या दाखल्यावर कोणाचीही सही घेऊ नये. माझी मिळणार नाही.

(इ) वरील दोन्ही अमान्य असल्यास, आपण स्वतः सदर गाडीत तोफचीच्या जागेवर बसावे, झाकण लावावे, आणि आपल्याच सर्वोत्तम चालकाकडून तो पूल एकदा पार करून घ्यावा. गुण आपणच दिले आहेत. त्यांवर बसायला आपणास संकोच नसावा.

११. कपाटाचे कप्पे मी पुन्हा बसवून दिले आहेत. पोचा माझ्या पगारातून ठोकून घ्यावा, मात्र घुम्याकडून पूल पार करवून मग.

सोमवारपूर्वी उत्तराची वाट पाहणारा, आणि न आल्यास आपल्या दाराशी येऊन उभा राहणारा,

आपला नम्र,
ज्येष्ठ चालन-प्रशिक्षक
(सही)
दिनांक : ११, गुरुवार

सोबत :
१. यंत्राच्या ‘पथक ठार, संभाषण-शिस्त उत्तम’ या निकालाची प्रत.
२. मागील अर्ज, चिकटलेली पाने सोडवून.
३. आपल्या नोटिशीला उत्तर : कपाट वापरले. पुन्हा वापरीन.

ता. क. : पाकीट बंद करत असता दुपारच्या चहाच्या वेळी चालक दाराशी येऊन उभा राहिला. मी ‘काय रे?’ म्हटले आणि नेहमीप्रमाणे उत्तराची आशा न धरता डिंक लावत राहिलो. तो बोलला. वर मी त्याला जे जे म्हणालो ते सारे मागे घेऊन त्याचे बोलणे त्याच्यासमोर, एक शब्द न बदलता, येथे उतरवीत आहे. त्यात आलेले, पहिल्या आठवड्यात पाहणीला आलेले साहेब कोण होते, हे आपणास माझ्याकडून कळायला नको.

‘‘वस्ताद, मी सांगितलं होतं. पहिल्याच आठवड्यात साहेब पाहणीला आले तेव्हा. म्हटलं, साहेब, मी माझ्या पडद्याकडे बघतच नाही, दादांच्या पडद्यावर बघून चालवतो. साहेब हसले. म्हणाले, मग बघ की, अडवलंय कोणी? गुण चांगले येतायत, उगाच कुणाला बोलत बसू नकोस. म्हणून नाही बोललो. तुम्ही शिव्या घातल्यात तरी नाही बोललो. पण काल खारूताई घरी फोनवर सांगत होता, आमचा चालक एक नंबर आहे, काळजी करू नकोस आई. म्हणून आता बोलतो. वस्ताद, मला गाडी चालवता येत नाही.’’