जिभेवरचं माप

४ ऑगस्ट, सोमवार
सगळ्यात आधी टपकली मेंगिरिंग. बोट धक्क्याला लागायच्या आधीच तोंड सुरू. तिच्या भावजयीचं कोणाशी फाटलं, कोणाचं डुक्कर कोणी कापून खाल्लं. मजा आली ऐकायला. मागून तिच्या दोन सुना, हातात फोन. नदीच्या खालच्या अंगाला त्यांचं लांबघर, आमच्यासारखंच, एका छपराखाली ओळीने सगळी बिऱ्हाडं. तिथे आता माप जाणणारी एकही बाई उरली नाही. तीन वर्षं सूत चिखलाच्या रंगाचं निघतंय म्हणे. निघणारच! बारतोंडीच्या मुळांचा लाल रंग धरायला हवा असेल तर सूत आधी आलं, मीठ, रानफळाचं तेल यांत मुरवावं लागतं, आणि किती घालायचं ते जिभेला कळावं लागतं. माप जाणणारीच्या अंगठ्यावर गोंदण असतं. या नदीवर ते कोणाच्या अंगठ्यावर आहे? माझ्या. "मावशी, तुमच्यासाठीच आलोय," मेंगिरिंग म्हणाली. खरंच बोलली बिचारी.
जेवताना माझी सून सेंदी म्हणते, आई, रस्सा फार खारट झालाय. मी केलेला रस्सा! हिला चव कळली कधी?

५ ऑगस्ट, मंगळवार
शेजारच्या खोलीतून नणंद लुन्सा आली, हातात चहाचा कप. म्हणे वहिनी, यंदा कपाने मोजू या का? कपाने! हसून हसून पोट दुखलं. नवऱ्याची बहीण म्हणून चाळीस वर्षं सोसतेय हिला. मोठ्या मनाने अर्धं सूत तिला देऊन टाकलं. बिघडवू दे. पाहुण्यांना फरक तरी दिसेल.

६ ऑगस्ट, बुधवार
मुरवायचा दिवस. पुरुषांना सकाळीच शेतावर हाकललं. कोंबडा ओवाळला. माझ्या लाकडी डोणीतलं मुरवणाचं पाणी चाखलं. अळणी. मीठ घातलं. तरी अळणी. हल्लीच्या मिठात दमच नाही, दुकानदार मेला काहीतरी मिसळतो. चौथ्यांदा घातलं. धाकट्या पाहुणीने बोट बुडवून चाखलं आणि पळत जाऊन दोन तांबे पाणी प्यायली. शहरी पोट. पलीकडे लुन्सा कप भरतेय, काठावरून बोट फिरवतेय, औषधवाली जशी.

९ ऑगस्ट, शनिवार
सूत दिवसा उन्हात, रात्री दवात. माझ्या सुतावर पांढरी पूड उगवलीय. मेंगिरिंगने विचारलं, हे काय हो? म्हटलं, कस बाहेर येतो. (हे मलाही आजच कळलं.) सगळी कुत्री माझंच सूत चाटतात, लुन्साच्या सुताकडे ढुंकून बघत नाहीत. जनावरालाही पारख असते.

१४ ऑगस्ट, गुरुवार
बारतोंडीतून सूत काढलं. लुन्साचं कोंबड्याच्या तुऱ्यासारखं लाल. माझं फिक्क्या चहासारखं, त्यात डाग. मेंगिरिंग लुन्साचंच सूत उलटसुलट करून बघत बसली. माझा मुलगा जांताई त्या बुधवारी चार्जर न्यायला परत आला होता, त्यानेच डोणीत वाकून बघितलं असणार. पुरुषाची नजर पडली की रंग पळतो. शिवाय ढग होते.
संध्याकाळी लुन्साने दोन वाट्या आणल्या. चाख गं वहिनी. चाखल्या. म्हटलं, दोन-दोन वाट्या नुसतं पाणी काय पाजतेस? ती हळूच म्हणाली, "एकीत मूठभर मीठ आहे." खोटारडी. वाटलं आता हसेल. हसली नाही. मागे बसून माझे केस विंचरत राहिली. कंगवाही तिच्यासारखाच, अर्धे दात पडलेला.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
सकाळी रस्सा केला, मीठ घातलं नाही. सेंदीला म्हटलं, तूच घाल, मला कामं आहेत. सगळ्यांनी दोनदा भात घेतला. हावरट मेले.
पाहुण्या निघाल्या. मेंगिरिंगने लुन्साचा कप मागून घेतला, टॉवेलात गुंडाळला, वर पिशवीत घातला. सोन्याचा आहे जसा! बोट सुटल्यावर तिथूनच ओरडली, "मावशी, सत्तावीसला आमचं सूत घेऊन येतो हं! लुन्सामावशी घरी असतील ना?"
म्हटलं, असेल. हात हलवला, अंगठा मुठीत धरून.
सत्तावीस, बुधवार. लुन्साला सांगायचं आहे.