ओव्हनची उजवी बाजू

आदरणीय दादा,

तुम्हाला आणि वहिनींना माझा नमस्कार. आम्ही दोघंही हिंडतेफिरते आहोत, यात सगळं आलं. तुमचा खोकला एव्हाना थांबला असेल. वहिनींनी डोळ्याच्या ऑपरेशननंतर वाचायला सुरुवात केली असेल, तर हे पत्र मात्र त्यांना देऊ नका. अक्षर मुळात माझं, त्यात अंगठ्याला पट्टी. पट्टी कशामुळे, ते ओघात येईलच.

तुमचं कार्ड पोचलं. त्यावर तीनच शब्द होते : दार बसलं का. चाळीस वर्षं यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाला तेवढे पुरतात. मला त्याचं उत्तर तीन शब्दांत देता येणार नाही. (मला कशाचंच उत्तर तीन शब्दांत देता येत नाही, असं तुमची बहीण समोरून म्हणते आहे. तिचे हात पिठात आहेत, लक्ष इकडे आहे.) बंद पडलेल्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून आम्ही तो जुना ओव्हन घेतला, तेव्हा तुम्ही नुसता फोटो बघून सांगितलं होतंत की दार उजवीकडे लोंबतंय. मी तुम्हाला फोनवर वीस मिनिटं समजावलं की तो छायाचित्रकाराचा दोष आहे. छायाचित्रकार मीच होतो, तरीही दोष त्याचा नव्हता. दार बंद केल्यावर वर उजव्या कोपऱ्यात बोटभर फट राहत होती आणि निम्मी उष्णता त्या फटीतून स्वयंपाकघर भाजत होती.

आता यात अडलं काय होतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको, पण सांगतो. तुमच्या बहिणीने तीस वर्षं इस्पितळाच्या स्वयंपाकघरात पाव भाजले. खाणाऱ्यांपैकी एकालाही ते कोणी भाजले हे कधी कळलं नाही, आणि बहुतेकांना पाव खाल्ला हेही आठवत नसेल. निवृत्त झाल्यावर तिला एवढंच हवं होतं, की कोणीतरी तिच्याच हातचा पाव मागून घ्यावा. कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याला तिने पहिला नमुना नेऊन दिला. त्याने पाव टेबलावर ठेवला, कानावरची पेन्सिल काढून पावावर ठेवली. पेन्सिल डावीकडून उजवीकडे घरंगळत जमिनीवर पडली. भला माणूस, हसला नाही. शुक्रवारी सकाळी आठ पाव आणा म्हणाला. दोन्ही बाजूंनी सारखे फुगलेले असले तर रोज घेईन, नाहीतर कारखान्याचा पाव चालू ठेवीन. तो सोमवार होता.

कोणीही शहाण्या माणसाने त्याच दिवशी मिस्त्रीला बोलावलं असतं. पण तीन आठवड्यांपूर्वीच मी वाचनालयाच्या सभागृहात दीड तास बोललो होतो. विषय होता, आपल्या वस्तू आपण दुरुस्त कराव्या. जो समाज एका बिजागरीसाठी दुसऱ्याच्या दारात उभा राहतो तो उद्या स्वतःच्या मतासाठीही दुसऱ्याच्या दारात उभा राहील, असं मी म्हणालो होतो आणि त्यावर टाळ्या पडल्या होत्या. (हे मी आजही मानतो. टाळ्या पडल्या म्हणून नव्हे.) त्या सभेत तिसऱ्या रांगेत आमचा मिस्त्रीही बसला होता. तो टाळ्या वाजवत नव्हता.

तेव्हा मंगळवार मी अभ्यासाला दिला. धातू तापल्यावर कसा प्रसरण पावतो यावर दोन ग्रंथ वाचले आणि भट्ट्यांच्या इतिहासावर एक. हा इतिहास विलक्षण आहे, पण तुमची बहीण म्हणते तो पत्रात नको. बुधवारी दार उतरवलं. दार उतरवण्याआधी बिजागरीची स्प्रिंग अडकवून ठेवायची असते, हे त्या तिन्ही ग्रंथांत कुठेही लिहिलेलं नाही. ते मला अंगठ्याने सांगितलं. दार काचेचं आणि जड, म्हणून आम्ही ते पलंगावर निजवलं, वर चादरही घातली. दाराच्या तळाच्या दोन्ही बिजागऱ्या दिसायला जुळ्या बहिणींसारख्या, पण एकीचा आकडा आत वळलेला, दुसरीचा बाहेर. म्हणून मी शिस्तीत दोघींवर चिठ्ठ्या चिकटवल्या, उजवी आणि डावी. मग गंज घासला, तेल दिलं. माझा अंगठा निकामी असल्यामुळे मी दार धरून उभा राहिलो आणि तुमच्या बहिणीने चिठ्ठ्या वाचून बिजागऱ्या बसवल्या. आधी उजवीकडे बोटभर फट होती. आता दोन्हीकडे दोन दोन बोटं झाली आणि दार मिटेनाच. समोर उभं राहिलं की ते काहीतरी सांगायला तोंड उघडल्यासारखं दिसायचं.

मी धीर सोडला नाही. गुरुवारी सकाळी मी ओव्हनच्या घडणीतल्या मूलभूत चुका तिला समजावून सांगत होतो. मग तिने ओटा पुसला, हात कोरडे केले, वहीतलं पान फाडलं आणि कॉफीवाल्याला लिहायला बसली. मी खांद्यावरून वाचलं. क्षमस्व, जमणार नाही, एवढंच होतं. दादा, मी आयुष्यात अनेक सभा उधळलेल्या पाहिल्या आहेत, एक तर खुर्चीखाली बसून पाहिली आहे. पण ते पान मला बघवेना. मी चपला घातल्या आणि मिस्त्रीकडे गेलो. वाटेत मी माझं सगळं भाषण एकेक वाक्य करून गिळलं. मिस्त्रीने शांतपणे ऐकून घेतलं, अंगठ्याची विचारपूस केली आणि सांगितलं की सोमवारशिवाय जमायचं नाही. वर म्हणाला की भाषण चांगलं झालं होतं.

परत आलो तर कॉफीवाल्याला लिहिलेलं ते पान तसंच, अर्धवट. ती ओव्हनसमोर जमिनीवर बसली होती. मला म्हणाली, जरा समोर या आणि मला ओव्हनची उजवी बाजू दाखवा. मी दाखवली. तिने माझ्या हाताकडे बघितलं, मग बिजागरीवरच्या चिठ्ठीकडे.

"ही डावी आहे," ती म्हणाली.

मी समजावलं, की बघणाऱ्याच्या दृष्टीने ती डावी असेल. पण ओव्हनचं तोंड आपल्याकडे आहे. व्यासपीठावर उभा असतो तेव्हा माझा उजवा हात...

"अहो, ओव्हन भाषणाला उभा नाहीये. तो नुसता पाव भाजतो."

चाळीस वर्षं लोकांकडे तोंड करून उभं राहिलं की माणसाचं असं होतं. मी ओव्हनच्या जागी उभा राहून चिठ्ठ्या लावल्या होत्या, तिने ओव्हनसमोर बसून वाचल्या होत्या. तिने बिजागऱ्यांची अदलाबदल केली. फट पुन्हा पहिल्या जागी, बोटभर. मग तिला दिसलं की तिथल्या स्क्रूची भोकं झिजून मोठी झाली आहेत. डब्याच्या झाकणाचा पत्रा कापून तिने दोन चकत्या केल्या, स्क्रूखाली घातल्या आणि आवळलं. दारात कागदाची पट्टी धरून दार मिटलं आणि पट्टी ओढून पाहिली. चारही बाजूंनी ती अडली. एकंदर पस्तीस मिनिटं लागली. त्यातली दहा मी बोलत होतो.

शुक्रवारी आठ पाव गेले. कॉफीवाल्याने प्रत्येकावर पेन्सिल ठेवली आणि आठही वेळा ती जागच्या जागी राहिली. उद्यापासून बारा आणा म्हणाला. घरी येताना ती माझ्यापुढे चालत होती. एरवी ती मागे राहते आणि मला हळू चला म्हणते.

तेव्हा दादा, दार बसलं. आणि आपल्या घरातली वस्तू आपल्याच घरात दुरुस्त झाली, हा माझा मुद्दाही बसला.

आपला,
बहिणीचा यजमान

ता. क. : येत्या रविवारी त्याच सभागृहात माझं दुसरं भाषण ठेवलं आहे, या वेळी प्रात्यक्षिकासह. ही आपला ओव्हन द्यायला तयार नाही. तुमच्या दुकानात एखादा मोडका पडून असेल तर दारासकट पाठवा. बरोबर तुम्हीही या, कारण उतरवलेलं दार कोणीतरी परत बसवायला हवं.

ता. क. दुसरा : दादा, पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे आलं म्हणून हे लिहिते. काही पाठवू नकोस. त्यापेक्षा ह्यांनाच पंधरा दिवस तुझ्याकडे बोलावून घे, भाषण आहे म्हणालास की लगेच येतील. घरी जो येईल त्याला हे दार कसं बसलं ते उघडून दाखवतात, आत पाव असला तरी. काल बारापैकी सात खाली बसले. कॉफीवाल्याने या खेपेला चालवून घेतलं, पुढच्या खेपेला घेणार नाही, आणि बरोबर आहे त्याचं. तुझ्याकडे कितीही वेळ बोलू देत. माझ्या पावाला फक्त चाळीस मिनिटं दार बंद लागतं.