मी ठणठणीत आहे

६ डिसेंबर

चि. सूनबाईस अ. उ. आशीर्वाद.

काल सुखरूप पोचले. तुझ्याकडे चार दिवस राहिले, पण पहिल्या दिवशी दारातच घेतलेल्या झडतीचा राग अजून गेलेला नाही. खोकला आहे का, घसा दुखतो का, हात धुतलेत का! मी ठणठणीत आहे, हे सांगूनही पुन्हा तेच. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनीसुद्धा मला इतकं छळलं नव्हतं. माझ्या नातीच्या, चिमणीच्या गळ्यातली श्वासाची नळी काढून वर्ष झालं. आता काय तिला जन्मभर बरणीत ठेवणार आहेस? आवाज बसका आहे, म्हणून मी तिचे उच्चार घोटून घेतले, समोर बसवून, नाकाला नाक लावून. पस्तीस वर्षं शाळेत वक्तृत्व शिकवलं ते असंच. राग माझा, लोभ तुझा. दोन्ही असू देत.

तुझी सासू

१४ डिसेंबर

ती. आईंना सा. न. वि. वि.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी चिमणीला सर्दी झाली. इतर मुलांचं नुसतं नाक वाहतं. हिची श्वासनलिका मुळात अरुंद, ती सुजली. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. आता ती कृत्रिम श्वासावर आहे. घरात कोण आजारी होतं, असं डॉक्टर सारखं विचारतात. मी ठामपणे सांगते, कोणी नाही. थंडी सुरू झाल्यापासून शाळेतही पाठवलं नव्हतं. मग माझं कुठे चुकलं? हे नुसते हॉस्पिटलच्या व्हरांड्यात फेऱ्या मारतात. आशीर्वाद पाठीशी असावा.

तुमची सून

१७ डिसेंबर

चि. सूनबाईस आशीर्वाद.

तुझं काही चुकलं नाही. आजारी मी होते. तुमच्याकडे यायच्या आदल्या दिवसापासून घसा खवखवत होता. बेल वाजवण्याआधी एक गोळी चघळली आणि तुझ्या तोंडावर खोटं बोलले. खरं सांगितलं असतं तर तू मला दारातूनच परत पाठवलं असतंस, आणि सुनेनं परत पाठवणं मला कमीपणाचं वाटलं. आयुष्यभर पोरींच्या चुका लाल शाईनं काढल्या. ही कशानं काढू? डॉक्टरांना सांग, तुझ्या नवऱ्यालाही सांग. लोभ ठेव म्हणायला मला तोंड उरलेलं नाही.

सासू

२९ डिसेंबर

ती. आईंना सा. न.

चिमणी वाचली. गळ्यात नळी मात्र परत बसवावी लागली. दोन वर्षं तरी ती काढायचा विषय नको, म्हणतात. तुमचं पत्र यांना दाखवलं. वाचून घडी घातली. मला तुमचा राग आला आहे आणि तो इतक्यात जाणार नाही. पण चिमणी ओठ हलवते, नळीमुळे आवाज फुटत नाही, आम्हाला समजत नाही. मग रडते, तेही बिनआवाजाचं. काल तासभर काहीतरी मागत होती. थकून झोपली, तरी आम्हाला कळलं नाही. तुम्ही तिचे उच्चार घोटून घेतलेत, तुम्हाला ओठांवरून कळलं असतं. तुमचा घसा पूर्ण बरा झाला की या.

सून