आमचं दूध गोठत नाही, त्याची हकिकत

तीर्थरूप मामांना भाचीचा वाकून नमस्कार.

मामींचा गुडघा कसा आहे? तुमचा खोकला गेला का? तुम्ही दोघं खुशाल आहात असं धरून चालते, कारण पुढचं वाचायला प्रकृती धडधाकट लागते. पत्र नुसतं ख्यालीखुशालीचं आहे, मागणं काही नाही.

तर आमच्या गोठ्यात विज्ञान शिरलं. दूध प्यायलं की ह्यांचं पोट फुगतं हे तुम्हाला ठाऊक आहे (तुमच्याकडे मुक्कामाला असताना तुम्ही ते ऐकलंही आहे). गुरांचे डॉक्टर म्हणाले, दुधातल्या बीटा केसीन नावाच्या प्रथिनाचे ए-वन आणि ए-टू असे प्रकार असतात, आणि ए-टूचं दूध काहींना हलकं वाटतं. त्यातला 'काहींना' मी सोयीस्करपणे ऐकला नाही. पाचही गायींच्या शेपटीचे केस उपटून तपासायला पाठवले. चौघी ए-टू निघाल्या. एकटी खडूस (तीच, बादलीवर नेम धरून लाथ मारणारी) पक्की ए-वन. दुसऱ्याच दिवशी तिला टेम्पोत चढवून तुमच्याकडे धाडली. तेव्हा मी चारचौघांत "मामांना दगडही पचतात, त्यांना चालेल" असं म्हणाले होते. ते तुमच्या कानावर आलं असेल, तर कृपा करून दुसऱ्या कानाने सोडून द्या.

आणि त्या दिवसापासून माझं चीज रुसलं. पूर्वी रेनेट (दूध गोठवायचं औषध) घातल्यावर अर्ध्या तासात दूध असं घट्ट गोठायचं, की सुरी घातली की स्वच्छ चीर पडावी. आता तासभर वाट पाहिली तरी पातेल्यात नुसती पेज. मी थर्मामीटर बदलला, रेनेट बदललं, पातेली तीनदा उकळून काढली. ह्यांना खोलीत गुणगुणायची बंदी केली (त्याचा दुधाशी संबंध नव्हता, पण मला बरं वाटलं). शेवटी दूध घेऊन, गायींचे केस तपासले होते त्याच प्रयोगशाळेतल्या बाईंकडे गेले. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, तुम्ही एकाच प्रथिनाकडे बघत बसलात. कॅपा केसीन म्हणून दुसरं असतं. त्याचा बी प्रकार असला की दूध घट्ट गोठतं. तुमच्या चारही गायींत तो नाही. पाचवीत होता. तिचं दूध मिसळत होतं म्हणून तुमचं चीज जमत होतं." पुढच्या वासरांसाठी बी प्रकारचा वळू निवडा, हेही सांगितलं. वासरू मोठं होऊन दूध देईपर्यंत तीन वर्षं जाणार, आणि शहरातल्या मोठ्या हॉटेलचे मुख्य आचारी माझं चीज चाखून पसंत करायला येणार बारा दिवसांनी! शाळेतली नोकरी मी ह्याच दिवसासाठी सोडली, मामा. रडू येतं, पण रडत बसणारी मी नाही. चीज गोठणार म्हणजे गोठणारच.

ह्यांचं म्हणाल तर पोट अजून फुगतंच. माणसांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ह्यांना दुधातली साखर पचत नाही, आणि ती साखर सगळ्याच गायींच्या दुधात असते. म्हणजे खडूस बिचारी विनाकारण घराबाहेर गेली. हे आता कोरा चहा पितात आणि माझ्याकडे बघत राहतात.

मामींना नमस्कार सांगा.

तुमची लाडकी (असं तुम्हीच म्हणायचात)
भाची

ता. क. : खडूस परत द्या. रविवारी टेम्पो घेऊन येते. तुमची माफी मागेन, तिचीही मागेन, लागेल तर आधी तिची.

ता. क. २ : मामींचा आत्ताच फोन आला. खडूसने तुमच्याकडे येऊन एकदाही लाथ मारलेली नाही आणि मामी तिला जन्मात सोडणार नाहीत, असं कळलं. हरकत नाही. पातेली, थर्मामीटर आणि हे, तिन्ही टेम्पोत चढवते आहे. बारा दिवसांसाठी तुमची मागची खोली रिकामी करून ठेवा. आचाऱ्यांना तुमचाच पत्ता दिला आहे.