राजयोग मॉलचा सरकता जिना

मु. अष्टमी, ता. रोहा
मंगळवार, सकाळचा दुसरा चहा झाल्यावर

ती. सौ. सुहासिनीताईस,

धाकट्या दामोदरचा वाकून नमस्कार. तुम्हा उभयतांची खुशाली परवाच फोनवर कळली आहे, पण पत्रात विचारायची असते म्हणून पुन्हा विचारतो. भावोजींचा डोळा कसा आहे? मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना भिंतीवरचे डाग दिसू लागलेत आणि घर रंगवायचं काढलंय, असं तुझी मैथिली सांगत होती. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशीलच. तर फोनवर तू माझं वाक्य मधेच तोडतेस (पेणच्या शाळेतली एकतीस वर्षांची सवय, तुझा दोष नाही). कागदावर ते जमत नाही.

बातमी अशी की राजयोग मॉलचा सरकता जिना येत्या शुक्रवारी काढणार. इमारत एका कुरिअरवाल्याने गोदामासाठी घेतली आहे. म्हणजे लोकांनी घरबसल्या सामान मागवून जो मॉल बंद पाडला, त्यातच आता ते सामान येऊन पडणार. मी मॉलच्या मालकाच्या, म्हणजे शेठच्या मागे लागून गुरुवारी दुपारी चार ते साडेचार जिना शेवटचा चालवायची परवानगी काढली आहे. उद्घाटनाला पहिली तू चढली होतीस, तेव्हा शेवटीही तूच चढायला हवंस. तू येणार नसशील तर मी बटणच दाबणार नाही, इतकं स्पष्ट लिहितो.

मॉलमध्ये आता काय उरलंय? खाली एक झेरॉक्सवाला आणि वर कबुतरं. पण एकेकाळी धाटावच्या कारखान्यांची पहिली पाळी सुटली की कंपनीच्या बसमधून माणसं थेट तिथेच उतरायची. बायका एसीत बसून शेंगा सोलत. (साली कारंज्यात टाकत. कारंज्याचा पंप मी नऊ वेळा खोलला, त्यांतल्या सात वेळा पावट्याच्या सालींसाठी.) कुणी फारसं विकत घेत नसे, पण येत सगळे. आणि येत ते जिन्यासाठी. पनवेलच्या अलीकडे तसा जिना नव्हता, निदान मी तरी पाहिला नव्हता. पायऱ्या एकूण छप्पन्न. वर दिसतात त्या एकोणीसच, बाकीच्या पोटातून परत येत असतात. हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी अकरावी नापास, मोटारी रिवाइंड करणारा माणूस. जिन्याच्या कंपनीचं इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन एका पावसाळ्यात वाचून काढलं. मुंबईचा मेकॅनिक चौथ्या खेपेला आला तेव्हा तोच मला विचारत होता.

जिना एकच, तोही फक्त वर जाणारा. शेठचं म्हणणं, उतरायला वीज कशाला लागते? उतरायला मागच्या दाराशी साधा जिना होता. आता तुझा पराक्रम आठव. (तू विसरली असशील, मी नाही.) २०११चा दसरा. भटजींनी जिन्याची यथासांग पूजा केली, पहिल्या पायरीला कुंकवाची पाच बोटं लावली, नारळ फोडला. सगळ्यांत पुढे तू. कुंकू पाहिलंस आणि मुकाट्याने चपला काढल्यास! तुझ्यामागे खाडीकडची पुतळीबाई होती. तिने विचारलं, "गो बाय, चपला काडायच्या हायत काय?" त्यावर तू वर्गातल्या आवाजात म्हणालीस, "हो, आणि ओळीने लावा."

झालं. दोनशे चौदा माणसं अनवाणी वर गेली आणि मागच्या दाराने ऑक्टोबरच्या उन्हात पार्किंगच्या डांबरावर उतरली. चपला पुढे, पाय मागे. मी गोणीत भरभरून चपला मागे नेत होतो आणि माणसं उड्या मारत पुढे येत होती. पुतळीबाईचा नवरा शिवा त्या दिवशी एक पाय स्वतःच्या आणि एक पाय तहसील कचेरीतल्या कुणाच्या तरी चपलेत घालून घरी गेला.

नंतर मी पाटी लावली: 'चपला घालूनच चढावे.' तर लोक चपला काढून, हातात धरून, पाटी वाचत उभे. शिवा तर भांडायलाच आला. "पूजा तुमीच केलात, कुकू तुमीच लावलात, आन आता म्हनता घान पाय ठेवा? ह्ये नाय जमायचा." शेवटी मी पायथ्याशी चपला ठेवायची चाकांची मांडणी उभी केली, नंबरांचे पत्र्याचे बिल्ले केले आणि दर अर्ध्या तासाने मांडणीच चाकांवरून मागच्या दाराशी न्यायची पद्धत बसवली. हे कुठल्याही इंग्रजी पुस्तकात नाही.

मी स्वतः कायम पायथ्याशी, लाल बटणाजवळ. "पदर सांभाळा, निऱ्या उचला, पिवळ्या रेघेच्या आत!" माझ्या देखत एकही निरी अडकली नाही. अडकलं ते झेंडूचं तोरण, तिसऱ्या दसऱ्याला. जिन्याने ते पूर्ण गिळलं आणि सहा दिवस तो उपाशी माणसासारखा दात दाखवत उभा राहिला. पाकळ्या मी चिमट्याने काढल्या. आमची ही म्हणाली, माझ्या केसांतला गुंता कधी इतक्या मायेने काढला नाहीत.

असो. गुरुवारी पेणहून निघणाऱ्या दुपारच्या गाडीने ये. कासूला उगाच उतरून चिंचा घेत बसू नकोस, मागच्या वेळी गाडी सुटली होती. स्टेशनवर मी स्कूटर घेऊन येतो. भावोजींना नमस्कार, मैथिलीस आशीर्वाद.

तुझा,
दामोदर

ता. क. गुडघ्याचं कारण देऊ नकोस. सरकत्या जिन्यावर गुडघा वाकवावा लागत नाही. उभं राहायचं असतं.

ता. क. २. असं ऐकून आहे. खरं सांगतो, ताई, मी त्या जिन्यावर कधी चढलेलो नाही. एकदाही नाही. बंद असताना त्याच्या पोटात शिरलोय, पण चालू असताना पहिलं पाऊल टाकायची वेळ आली की पाय उचलत नाही. उद्घाटनाला तू वरून हाका मारत होतीस तेव्हा मी बटणाकडे लक्ष द्यायला हवं म्हणालो. तेच मग इतकी वर्षं म्हणत राहिलो. घरी हिलाही माहीत नाही. गुरुवारनंतर चढायचं म्हटलं तरी जिना नसेल.

ता. क. ३. तेव्हा माझा हात धरायला ये. मात्र शेठ आणि झेरॉक्सवाला बघत असतील, म्हणून थोडी लंगड. मीच तुला धरून नेतोय असं दिसलं पाहिजे.