मास्तरांची वाकडी मान

मास्तर, तुम्ही माझा आवाज ओळखून वळलात आणि माझ्याकडं म्हणून माझ्या शेजारच्या लिंबाच्या खोडाकडं पाहिलंत, तिथं माझं सगळं बदललं. त्याच्या आधी मी कॉलेजात जाणारा, लवकर चिडणारा, एका मुलीसाठी झुरणारा साधा पोरगा होतो. नंतर कोण झालो ते मला नीट सांगता येत नाही. मैदान गप्प होतं. बॉल मध्येच कुठंतरी पडला होता, रेफरीनं शिट्टी तोंडात धरली होती पण वाजवली नव्हती, आणि तुम्ही त्या खोडाकडं बघत उभे होतात. खोडाला काहीतरी विचारावं तसे.

तुम्हाला जाऊन सात वर्षं होतील. मी आता साताऱ्यात मोटार स्टँडवर तिकिटं देतो. वाई, कराड, पाटण, दहिवडी अशी गावं दिवसभर ओरडतो. माझा आवाज मोठा आहे हे तुम्हाला माहीतच आहे, त्याच जोरावर नोकरी मिळाली. आठ दिवसांपूर्वी तालमीतली चौघं सांगलीहून आली आणि थेट खिडकीशी उभी राहिली. मला वाटलं तिकिटं हवीत. तर म्हणाली, मास्तरांच्या नावानं ढाल ठेवायची ठरलीय, रविवारी पहिला सामना, तू येऊन चार शब्द बोलायचेस. मी म्हटलं, मी कशाला? तेव्हा त्यांच्यातला पानवाला, जो तुम्हाला रोज फुकट विडा द्यायचा आणि तुम्ही न खाता खिशात ठेवायचात, तो म्हणाला, "तूच बोलायला पायजे गड्या. आमी समदी त्यांना हसत हुतो. तू एकटा त्यांच्या बाजूनं बोलला हुतास."

मी त्यांना चहा पाजला. चहा पिता पिता त्यांनी तो गोल पुन्हा सांगितला. मास्तर, तुमच्या त्या गोलाचं आता काय झालंय ते तुम्ही ऐकायला हवं होतं. साताऱ्याच्या मैदानावर पलटणीच्या संघाविरुद्ध, त्यांच्या पायात बूट आणि आपली माणसं पायाला नुसत्या पट्ट्या गुंडाळून, शेवटचा कॉर्नर, आणि तुम्ही उडी मारून डोक्यानं घातलेला बॉल. एवढं खरं. पण आता तुम्ही दोघांच्या खांद्यावरून उडी मारता, गोलकीपर बॉलसकट जाळ्यात जातो, आणि पलटणीचा साहेब टोपी काढतो. हे सांगताना चौघांनीही मान डावीकडं वळवून थोडी वाकडी केली. मी कपातल्या चहाकडं बघत राहिलो.

ती मान. त्या गोलानंतर तुम्ही बॉलकडं मान वाकडी करून बघायला लागलात आणि सगळ्या सांगलीनं ती उचलली. शाळेतली पोरं तुमच्या ड्रिलच्या तासाला मान वाकडी करून उभी राहायची. हळदीच्या पेठेतले हमाल पोतं टाकल्यावर मान वाकडी करायचे आणि म्हणायचे, मास्तरांचा हेड. मी तर आरशासमोर उभा राहून शिकलो होतो. आम्हाला ती ऐट वाटायची. एवढी माणसं रोज तुमच्याकडं बघत होती, आणि माणूस मान अशी का धरतो हा प्रश्न कुणालाही पडला नाही.

तुम्ही मला दोन गोष्टी दिल्यात. पहिली थोबाडीत. मी मॅट्रिकला होतो, मिरजेच्या संघाशी सामना होता, रेफरीनं तुमचा गोल धरला नाही म्हणून मी मैदानात घुसून त्याची शिट्टी हिसकावून विहिरीत फेकली. तुम्ही सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली वाजवलीत, मग मनगट धरून मला त्याच्या बिऱ्हाडी नेलंत आणि माफी मागायला लावलीत. परतताना पुलावर थांबून म्हणालात, "डोस्कं तापल्यावर तोंड उघडायचं न्हाई. आधी गार हुंदे. गार डोस्क्यानं जे बोलशील ते तुजं, तापल्यावरचं भुताचं." मला ते पटलं नव्हतं. मी चाळीशीच्या माणसाला उलट उत्तर द्यायला घाबरलो इतकंच.

दुसरी गोष्ट त्या गोलाच्या बॉलची वादी. बॉलचं कातडं केव्हाच उसवलं होतं, ब्लॅडर फाटलं होतं, पण तोंड शिवायची चामड्याची वादी तुम्ही ठेवली होतीत. मी कॉलेजात नाव घातलं त्या दिवशी ती मला दिलीत, पुस्तकं बांधायला. मी ती पुस्तकांना गुंडाळून अशी मिरवत न्यायचो की वाटेत लोक थांबवून हात लावून बघायचे. तुम्हीही एकदा हात लावलात. बोटांनी गाठ चाचपलीत आणि हसलात. मला तेव्हा त्या हसण्याचं काही वाटलं नाही.

तुमच्या घरी मी तुमच्यासाठी येत नव्हतो. हे तुम्हाला कळलं असेल असं मला कधी वाटतं, कधी नाही. तुम्ही मागच्या आडावर पाय धूत असायचात, आत्याबाई देवळात गेलेल्या असायच्या, आणि तुमची मुलगी चुलीपुढं बसून भाकरी थापत असायची. मी उंबऱ्याच्या अलीकडं, ती पलीकडं. ती माझ्याकडं न बघता बोलायची आणि मला तेवढं पुरायचं. कॉलेजात प्राध्यापक काय शिकवत होते ते मी ऐकतच नव्हतो, वहीच्या मागं तिनं आदल्या दिवशी बोललेली वाक्यं लिहीत होतो. फार नसायची. "आज वांगी आणलीत." "आत्या यायच्या झाल्या." अशीच.

एकदा तुम्ही जेवत होतात आणि मी ओसरीवर बसलो होतो. तुम्ही आमटीच्या वाटीसाठी हात पुढं नेलात आणि बोटं ताटाबाहेर जमिनीला टेकली. तिनं वाटी सरकवून तुमच्या हाताखाली आणली. तुम्ही आडावर गेल्यावर मी हसून विचारलं, मास्तर आज कुठल्या विचारात? ती भाकरी थापायची थांबली.

"तुमाला खरंच कळलं न्हाई? डावा डोळा तवाच गेला. त्या गोलात वादीची गाठ लागली डोळ्याला. मिरजंच्या डाक्टरांनी सांगितलंय, आता उजव्यावर बी सारा येतोय, पडदा धरतोय."

मी माझ्या मांडीवरच्या पुस्तकांकडं बघितलं. वादीची गाठ वर होती.

तिनं माझ्याकडून वचन घेतलं, हे कुणाला सांगायचं नाही. लोक म्हणतात मास्तर घेतात, पलटणीत होते तेव्हाची सवय, म्हणून बॉल चुकतो. म्हणू देत, अण्णांनाही ते चालतं. पिणाऱ्याला माणसं पुन्हा खेळायला बोलावतात. आंधळ्याला बोलावत नाहीत. "खेळ गेला की अण्णा घरात बसतील," ती म्हणाली, "आन् घरात बसले की ऱ्हात न्हाईत." मी वचन दिलं. तुमचं गुपित तिनं माझ्या हाती दिलं याचा मला आनंद झाला होता, तुमच्या डोळ्यांचं वाईट नंतर वाटलं. तेव्हाची माझी हीच लायकी होती.

मग तो दिवस. सकाळी मी पुस्तकं घेऊन आलो, कॉलेजच्या वाटेवरच होतो. ती तांदूळ निवडत होती. वांगी आणलीत म्हणावं त्याच आवाजात म्हणाली, पाटणला ठरलं, माणूस पलटणीत आहे, दिवाळीनंतर. मी विचारलं, तू हो म्हणालीस? ती म्हणाली, "मला कोन इचारतंय. अण्णांना डोळे हायती तवर उरकायचंय." मी म्हटलं, त्यांना अण्णांच्या डोळ्यांचं सांगितलंय? तिनं मान हलवली. नाही. सून आणली की आंधळा बाप गळ्यात पडणार, असं कुणालाही वाटेल, म्हणून लग्न होईपर्यंत कळू द्यायचं नाही. मी उठलो. त्या दिवशी कॉलेजात गेलो नाही, आणि नंतरही नाही. बेचाळीस साल होतं, पोरं चळवळीसाठी कॉलेज सोडत होती, लोकांनी मला त्यांच्यात धरलं. मी कुणाला दुरुस्त केलं नाही.

दुपारी सामना होता. मी लिंबाखाली बसलो, कारण तिथून पलीकडं पाटणहून आलेले तिघं पाहुणे दिसत होते. फेटे बांधून खुर्च्यांवर बसले होते, होणाऱ्या व्याह्याचा खेळ बघायला. तुम्ही मुद्दाम बोलावलं होतंत त्यांना. आज मला त्याचं कौतुक वाटतं. ज्याला बॉल नीट दिसत नाही तो माणूस पोरीच्या सासरच्यांसमोर खेळून दाखवायला उतरतो, एवढी हिंमत मी परत कुठं पाहिली नाही. पायाला स्वच्छ पट्ट्या बांधल्या होत्यात. पहिला पास पायाखालून गेला. दुसरा तुमच्या गुडघ्यावर आपटून बाहेर गेला. मग तुम्ही एका सावलीला लाथ मारलीत, बॉल चार हात पलीकडं होता. लोक हसायला लागले. प्रेमानंच हसत होते, ते मला ऐकू येत होतं. पानवाला उभा राहून ओरडला, "आवं मास्तर, बॉल हिकडं हाय! दोन दिसत्यात काय आज? त्यातल्या एकाला तरी मारा!" हशा पिकला. तुम्हीही हसलात आणि जरा झोकांडी खाल्ल्यासारखं केलंत. मुद्दाम. लोकांना हवं ते देत होतात.

मी उठून ओरडलो. "हसता काय रं? दारू न्हाई प्यालेला तो. आंधळा झालाय. दोन्ही डोळे गेल्यात त्याचे." दोन्ही म्हणालो मी. एक अजून थोडा होता.

पुढचं मी वर लिहिलंय. खोडाकडं बघून झाल्यावर तुम्ही तिथंच बसलात आणि पायाच्या पट्ट्या सोडायला लागलात, सावकाश, गुंडाळी करत. समोरच्या संघातला एक पोरगा आला आणि त्यानं तुमचा हात धरला. त्याला वाटलं, आंधळ्या माणसाला न्यायला पाहिजे. तुम्ही हात काढून घेतला नाहीत. मला वाटलं होतं तुम्ही झिडकाराल. मैदानाच्या कडेपर्यंत तो तुम्हाला घेऊन गेला, आणि लोक उठून उभे राहिले, कुणी रडत होतं. पानवाल्यानं स्वतःच्या तोंडात मारून घेतलं.

नंतर ती सगळी माणसं रोज तुमच्या घरी यायची. दूध, केळी, कुणी अंगारा, कुणी झाडपाल्याचा रस. ओळीनं बसून तुम्हाला तोच गोल सांगायची. हमालांचा मुकादम बोटं पुढं धरून विचारायचा, मास्तर ही किती? तुम्ही अंदाजानं सांगायचात. बरोबर आलं की सगळे खूश. तुम्ही चुलीजवळ भिंतीकडं तोंड करून बसायला लागलात आणि कुणीही तुम्हाला परत खेळायला बोलावलं नाही. ती म्हणाली होती तसंच झालं. पुढच्या पावसाळ्यात ताप आला, पण तापानं माणूस गेला असं निदान मी तरी म्हणत नाही.

पाटणची माणसं मागं हटली नाहीत. तो स्वतः रजा काढून आला, ओसरीवर तुमच्यासमोर बसला आणि म्हणाला, "मास्तर, साताऱ्याच्या त्या मॅचला मी हुतो, आमच्याच पलटणीच्या बाजूला बसून. तवापासनं तुमाला मानतोय. डोळ्याचं काय घिऊन बसलाय, माजे हायती की." मी दाराशी उभा होतो. असा माणूस निघेल हे मी धरलंच नव्हतं.

लग्नानंतर ती निघाली तेव्हा मोटारीपर्यंत सगळा गाव होता. मी वळकटी टपावर चढवली. ती आत बसताना क्षणभर थांबली आणि हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "एकच सांगा. तवा डोस्कं तापलं हुतं तुमचं?"

मी म्हणालो, हो.

तिनं मान हलवली, बरं म्हणाली, आत जाऊन बसली. तिला तेवढंच हवं होतं असं दिसलं. तुमच्याकडं मी सामन्याच्याच संध्याकाळी आलो होतो, तुम्ही तर तेवढंही विचारलं नाहीत, फक्त म्हणालात, "जाऊ दे. भुताचं बोलनं." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवलात. कपाळ सापडायला तुम्हाला जरा वेळ लागला.

आज ती येणार आहे. ढाल तिच्या हातून द्यायची ठरलंय, नवराही येतोय. चौघांनी जाताना सांगितलं होतं, मास्तरांची काही वस्तू असली तर आण, टेबलावर मांडू. मी नाही म्हणालो. वादी या ट्रंकेत आहे. बोलायचे चार शब्द मी दुसऱ्या कागदावर लिहिलेत. त्यात तुमचा गोल आहे, मान आहे, थोबाडीत आहे. थोबाडीत सांगितली की लोक हसतील.

मास्तर, माझं डोकं तापलेलं नव्हतं. सगळे तसंच समजतात, कारण मी तसाच होतो. पण त्या दुपारी मी तासभर लिंबाखाली बसून होतो आणि पलीकडच्या तीन फेट्यांकडं बघून ठरवत होतो. तुमचं कळलं की ते उठून जातील, एवढाच विचार होता. पानवाला ओरडला नसता तर दुसऱ्या कुणाच्या तरी ओरडण्याची वाट बघितली असती. दोन्ही डोळे म्हणालो तेही मुद्दाम. इतकं गार डोकं माझं त्याआधी कधी नव्हतं, नंतरही झालं नाही. ते बोलणं माझंच होतं.

हा कागद मी वादीखाली ठेवतोय. अकराची सांगलीची गाडी स्टँडवर लागली असेल. चार शब्दांचा कागद खिशात घातलाय, आता टोपी घालतो, आणि दार ओढून घेऊन निघतो.